मोजणी

तिकीट दहा रुपये, म्हाताऱ्यांना पाच.
ह्यांनी पूर्ण दहा दिले, खिडकीतल्या पोराला म्हणाले,
"आधा काहे का? हमने पूरा तेल पिलाया है इसको."
पोरगं हसलं. त्याला कळलं नव्हतं.

महाराजपुऱ्याच्या रस्त्याला, चैत्रातल्या उन्हात
सिमेंटच्या तीन पायांवर ते उभं.
नवा रंग फासलेला, काचेच्या घुमटालासुद्धा.
हे चष्मा कपाळावर चढवून भोवती फिरतात,
बाजारात म्हशीभोवती फिरावं तसे.
हे झाकण उलटं बसवलंय.
इथे चौदा स्क्रू होते, अकराच दिसतायत.
शेपटीवरचा आकडा कुणीतरी अंदाजाने लिहिलाय.
मी हं म्हणते.

मला ते ओळखू येत नाही.
क्वार्टर नंबर एकशे बाराच्या अंगणात
सात वर्षं मी ते फक्त ऐकलं.
आधी भांडी थरथरायची, मग खिडकीची काच,
मग पोटातलं मूल.
आम्ही सगळ्याच मोजायचो, सेल्वी, हरप्रीत, मी,
गहू निवडताना, पोरींच्या वेण्या घालताना.
एक, दोन, तीन, चार. गेली.
मग पाऊण तास कुणी कुणाशी
महत्त्वाचं काही बोलायचं नाही.
एक. दोन. तीन. चार.
मग कुठे कुणी विचारायचं, आज भाजी काय?

हे काही वैमानिक नव्हते.
पहाटे ओळीने धावपट्टीवर चालत
खडे वेचणाऱ्यांतले.
खडा, खिळा, पारव्याचं पीस,
इंजिन काय गिळेल सांगता येत नाही म्हणून.
धुण्यात ह्यांच्या खिशातून खडे निघायचे.
मी ते गुलबक्षीच्या कुंडीत टाकत गेले.
बदली झाली तेव्हा ती कुंडी
एकट्याला उचलेना.

एका मंगळवारी तीनच मोजली.
मध्येच कुकरची शिट्टी झाली होती,
वाटलं, चौथं तिच्यात बुडालं असेल.
सेल्वीला विचारलं नाही.
तिचेही ओठ तीनवर थांबलेले दिसत होते.

हे रात्री उशिरा आले. मोरीत हात धूत बसले,
साबणाची अर्धी वडी संपेपर्यंत.
पुढे चौकशी झाली, कागदावर आलं, पक्षी.
उड्डाणाआधीची सही ह्यांची होती.
सहीत खोट नव्हती, असंही आलं.
तरी त्यानंतर ह्यांची सही बदलली ती बदललीच,
बँकेत अजून जुळत नाही.

पलीकडे संगमरवरावर नावं.
ह्यांचं बोट वरून खाली येतं
आणि एका ओळीशी थांबतं. कुट्टप्पा.
वय चोवीस, हे लिहिलेलं नाही.
पुरणपोळीवर लिंबाचं लोणचं घ्यायचा
आणि मला वहिनीऐवजी बहिनी म्हणायचा, तेही नाही.
आमचा धाकटा आता त्याच्या दुप्पट वयाचा आहे.

"इथे ठेवतात ते विमान कुठलं असतं, माहितेय?"
हे माझ्याकडे न बघता विचारतात.
"जे परत आलं ते."
आणि बऱ्याच वेळाने, रुमालाने मान पुसत,
"माझं इथे नाही."

हवा ओढायच्या तोंडात, पात्यांच्या अलीकडे
साळुंक्यांनी घरटं मांडलंय.
काड्या, सुतळी, गुटख्याच्या पुडीची चमकती पट्टी.
चौकीदार बांबू घेऊन येतो, म्हणतो,
बड़े साहब आ रहे हैं सोमवार को.
ह्यांचा हात आपोआप त्या बांबूकडे जातो.
खडासुद्धा चालत नसे तिथे, काडी तर दूरच.
हात बांबूवर राहतो. बांबू खाली होतो.
सोमवारला अवकाश आहे, हे म्हणतात, मराठीतच,
आणि चौकीदारालाही ते समजतं.

फाटकाशी रिक्षा उभी आहे.
मी आधी चढते, गुडघा धरून.
वळून बघते तर हे वाकलेत,
डांबरावरचं काहीतरी उचलून
सदऱ्याच्या खिशात टाकतायत.
मी विचारत नाही.
घरी कुंडी आहे.